नामवंतांच्या कुळाचा शोध : नोंदवहीतून पडद्यावर

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. समोरच्या माणसाच्या थोरवीवर समाधान मानावे, त्याच्या घराण्याची फार चौकशी करू नये. खोलात गेल्यास हाती काय लागेल याचा नेम नाही, असा व्यवहारी शहाणपणा या म्हणीत आहे. गेल्या वीस वर्षांत मात्र अनेक देशांच्या दूरचित्रवाणीने या म्हणीच्या अगदी उलट दिशेने वाटचाल केली. कोणा नामवंत व्यक्तीला पडद्यावर आणावयाचे, तिचे कूळ लाखो प्रेक्षकांच्या देखत शोधावयाचे आणि जे निघेल ते तिच्या हाती ठेवावयाचे, हा कार्यक्रम घरोघरी आवडीने पाहिला जाऊ लागला.

जानेवारी २००६ मधील एक प्रसंग या कार्यक्रमाचे मर्म सांगून जातो. बीबीसीचे निवेदक जेरेमी पॅक्समन हे त्यांच्या तिखट प्रश्नांसाठी प्रसिद्ध होते. मंत्र्यांना त्यांच्यासमोर बसण्याची धास्ती वाटे. त्या दिवशी मात्र प्रश्न विचारणारे पॅक्समन स्वतःच एका जुन्या सरकारी नोंदीपुढे निरुत्तर झाले. त्यांची एक पणजी ग्लासगो शहरात अत्यंत हलाखीत राहत होती. गरिबांसाठी असलेल्या सरकारी मदतीवर तिचा संसार चालत असे. तिला विवाहबाह्य अपत्य झाल्याचे कळताच ती मदत बंद करण्यात आली. अधिकाऱ्याने हा निर्णय कोरड्या शब्दांत लिहून ठेवला होता. ती नोंद ऐकताना कधीही न विरघळणाऱ्या पॅक्समन यांचे डोळे पाण्याने भरून आले. प्रेक्षकांना त्या दिवशी एका प्रसिद्ध माणसाचे अश्रू दिसलेच; पण त्याहून अधिक म्हणजे, जिचे नाव एरवी कोणीही घेतले नसते अशी एक कष्टकरी बाई दिसली.

‘स्वतःला समजता तरी कोण?’

या कार्यक्रमाचे नाव ‘हू डू यू थिंक यू आर?’ असे आहे. भांडणात आपण ‘स्वतःला समजता तरी कोण?’ असे म्हणतो, तोच हा प्रश्न. येथे तो अगदी शब्दशः विचारलेला आहे. १२ ऑक्टोबर २००४ रोजी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर त्याचा पहिला भाग दाखविण्यात आला. विनोदी कलावंत आणि पक्षिनिरीक्षक बिल ऑडी हे त्याचे नायक होते. त्यांची आई त्यांच्या बालपणीच मनोरुग्णालयात दाखल झाली होती आणि आईवाचून गेलेल्या त्या बालपणाचे कोडे त्यांना आयुष्यभर छळत होते. कुळाचा शोध म्हणजे राजेरजवाड्यांशी नाते जोडण्याचा छंद, अशी समजूत असणाऱ्या प्रेक्षकांना पहिल्याच भागाने वेगळी वाट दाखविली. २००६ पासून हा कार्यक्रम बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर गेला. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, अमेरिका अशा अनेक देशांनी त्याच्या स्वतःच्या आवृत्त्या काढल्या.

पूर्वजांच्या शोधाचे वेड दूरचित्रवाणीने लावण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. जानेवारी १९७७ मध्ये अमेरिकेत ॲलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ या पुस्तकावरील मालिका सलग आठ रात्री दाखविली गेली, तेव्हा गुलामगिरीत खितपत पडलेल्या एका कुटुंबाच्या पिढ्यांची कहाणी साऱ्या देशाने पाहिली. त्यानंतर तेथील सामान्य नागरिक आपापल्या घराण्यांची माहिती शोधत ग्रंथालयांच्या व अभिलेखागारांच्या पायऱ्या चढू लागले.

नामवंतांच्या या कार्यक्रमाची रचना साधी आहे. संशोधकांचे पथक आधी दप्तरे धुंडाळून माहिती जमा करते. ज्याच्या कुळाचा शोध चालला आहे त्याला मात्र फारसे काही सांगितले जात नाही. तो गावोगावी जातो, एखाद्या अभिलेखागारात बसतो, समोर एक जीर्ण वही उघडली जाते आणि त्यातील ओळ तो स्वतः वाचतो. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते तेच या कार्यक्रमाचे खरे भांडवल होय.

अर्थात पडद्याला नाट्य लागते, हेही खरे. सुप्रसिद्ध मुलाखतकार मायकेल पार्किन्सन यांच्या घराण्याचा शोध काही आठवडे चालला आणि मग सोडून देण्यात आला. आपल्या कुळाची कथा फारच रटाळ निघाली, असे त्यांनी स्वतःच २००९ मध्ये हसत सांगितले. बहुतेकांची कुळकथा अशीच असते. मात्र अशा साध्या माणसांची नावेही कोणीतरी, कधीतरी, कोठल्यातरी वहीत लिहून ठेवलेली असतात.

वहीची पुण्याई

इंग्लंडमध्ये ही परंपरा जुनी आहे. १५३८ मध्ये राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने आज्ञा काढली की, प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. नवा कर बसविण्यासाठीच ही मोजदाद चालली आहे, असा संशय त्या वेळी लोकांना आला. जुलै १८३७ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८४१ च्या जनगणनेपासून घरोघरीच्या माणसांची नावे पद्धतशीरपणे लिहिली जाऊ लागली. या वैयक्तिक नोंदी शंभर वर्षे गुप्त ठेवून मग सर्वांसाठी खुल्या केल्या जातात. जानेवारी २००२ मध्ये १९०१ ची जनगणना संगणकावर उपलब्ध झाली, तेव्हा आपल्या पणजोबांचे नाव पाहण्यासाठी एवढी झुंबड उडाली की ते संकेतस्थळ पहिल्याच दिवसांत कोलमडून पडले. जमीन नांगरून ठेवलेली होती. दोन वर्षांनी सुरू झालेल्या कार्यक्रमाला अमाप पीक आले यात नवल नाही.

कागदही अमर नसतो. १९३१ च्या जनगणनेचे इंग्लंड व वेल्स या भागांतील सारे तक्ते डिसेंबर १९४२ मध्ये आगीत भस्मसात झाले. १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. एका आगीने एका पिढीच्या घरादाराची मोजदाद पुसून टाकली.

क्रॉमवेलच्या आज्ञेचा एक गमतीदार उत्तरार्ध २०१६ मध्ये पाहावयास मिळाला. पूर्व लंडनच्या कामगार वस्तीत वाढलेले, पडद्यावर दांडगट भूमिका करणारे अभिनेते डॅनी डायर यांचे कूळ शोधत शोधत संशोधक पोचले ते थेट थॉमस क्रॉमवेलपर्यंत आणि त्याच्याही मागे राजा तिसरा एडवर्ड याच्यापर्यंत. ज्याने वह्या ठेवावयास लावल्या, त्याचाच वंशज शेकडो वर्षांनी त्या परंपरेतून सापडावा, हा योगायोग विलक्षणच म्हणावयाचा.

यातील गणित बँकेच्या मंडळींना वेगळे समजावून सांगावयास नको. दोन आई-वडील, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा, असे दुपटीने मागे गेल्यास दहाव्या पिढीत १,०२४ आणि विसाव्या पिढीत १०,४८,५७६ पूर्वजांची घरे भरावी लागतात. त्या काळची लोकसंख्या पाहता तीच तीच माणसे अनेक घरांत पुन्हा पुन्हा येणार, हे उघड आहे. म्हणजे पुरेसे मागे गेल्यास राजाही अनेकांचा पूर्वज निघतो आणि भिकारीही. डायर यांच्या बाबतीत विशेष एवढेच की, प्रत्येक पायरीवर पुरावा मिळाला.

घरातील आठवण आणि दप्तरातील सत्य

प्रत्येक घरात पूर्वजांची एखादी गोष्ट सांगितली जाते. ती सांगणाऱ्याचा हेतू खोटे बोलण्याचा नसतो. पण तीन-चार तोंडांतून जाताना तिच्यावर मुलामा चढतो. ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंग यांच्या घरी अशीच एक गोष्ट होती. त्यांचे फ्रेंच पणजोबा लुई व्होलाँ यांना पहिल्या महायुद्धातील शौर्याबद्दल ‘लेजियाँ द’ऑनर’ हा फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला होता, असे सारे मानत. २०११ मध्ये त्यांनी फ्रान्समधील कागद पाहिले, तेव्हा कळले की तो सन्मान मिळविणारा लुई व्होलाँ दुसराच कोणी होता. नाव मात्र तेच. घराण्याचा अभिमान क्षणात कोसळला. शोध मात्र तेथे थांबला नाही. खऱ्या पणजोबांची कागदपत्रे पुढे आली आणि त्यांनी प्रत्यक्ष रणांगणावर दाखविलेल्या धैर्याबद्दल त्यांना ‘क्रुआ द गेर’ हे शौर्यपदक मिळाल्याचे निष्पन्न झाले. चुकीचा मान गेला आणि हक्काचा मान पदरात आला. नामसाम्यातून होणारे घोटाळे ज्यांना रोजच्या कामात निस्तरावे लागतात, त्यांना या कथेचे मोल अधिक कळेल.

काही घरांत याच्या उलट असते. तेथे गोष्ट सांगितलीच जात नाही. अमेरिकी अभिनेत्री लिसा कुड्रो यांनी हा कार्यक्रम २०१० मध्ये अमेरिकेत आणला आणि स्वतःच्या घराण्याचाही शोध घेतला. बेलारूसमधील इल्या या लहानशा गावी १९४२ मध्ये नाझींनी तेथील ज्यूंची कत्तल केली. तीत त्यांची पणजी मारली गेली होती. ही बातमी युद्धानंतर एका तरुण नातेवाइकाने अमेरिकेत येऊन त्यांच्या आजीला सांगितली होती. तो पोलंडच्या जहाजावर खलाशी होता. पुढे त्याचा ठावठिकाणा कोणालाच राहिला नाही. कुड्रो पोलंडमधील ग्डिनिया बंदरात गेल्या, चौकशी केली आणि तो नातेवाईक वृद्धावस्थेत हयात असल्याचे आढळले. साठ वर्षांहून अधिक काळ तुटलेला धागा पुन्हा जुळला.

भारताच्या दृष्टीने विशेष जवळची ठरावी अशी कथा आहे ब्रिटनमधील निवेदिका अनिता रानी यांची. २०१५ मधील भागात त्यांनी आपल्या आईच्या वडिलांचा, संतसिंग यांचा, शोध घेतला. संतसिंग ब्रिटिश हिंदी सेनेत होते. १९४७ मध्ये फाळणीचा वणवा पेटला त्या वेळी त्यांचे कुटुंब आज पाकिस्तानात असलेल्या माँटगोमेरी जिल्ह्यात होते आणि ते स्वतः शेकडो मैल दूर, पुण्याजवळ खडकीच्या लष्करी छावणीत. त्यांची पहिली पत्नी आणि मुले त्या हिंसाचारात नाहीशी झाली. रक्षण करणे ज्याचा पेशा, त्याला आपल्या घरच्यांच्या रक्षणास जाता आले नाही. संतसिंगांनी पुढे दुसरा संसार मांडला; अनिता यांच्या आईचा जन्म त्या संसारातला. पहिल्या संसाराबद्दल घरात फारसे कोणी बोलत नसे. पुण्याहून लोहमार्गाने जाताना खडकी स्थानक रोज पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, फाळणीचे असे एक दुःख त्या छावणीत मुकाट्याने सोसले गेले होते! इंग्लंडमधील चर्चच्या वह्यांप्रमाणे या गावांतील मृतांची नोंद करणारी वही कोठेच नव्हती. ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांच्या आठवणींचाच आधार येथे घ्यावा लागला. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, अनिता रानी यांनी फाळणीने होरपळलेल्या इतर कुटुंबांच्या कहाण्याही बीबीसीवर सादर केल्या.

एका बुडालेल्या बँकेचे अमोल दप्तर

कागदाचे मोल सर्वांत तीव्रतेने कोणाला जाणवत असेल, तर ते अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाला. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांनी २००६ मध्ये ‘आफ्रिकन अमेरिकन लाइव्ह्ज’ ही मालिका सादर केली आणि २०१२ पासून ‘फाइंडिंग युअर रूट्स’ सुरू केली. या शोधात जवळजवळ प्रत्येक वेळी एक भिंत आडवी येते. १८७० च्या जनगणनेत पूर्वीच्या गुलामांची नावे इतर नागरिकांप्रमाणे प्रथमच लिहिली गेली. त्याआधी १८५० व १८६० मध्ये गुलामांचे वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव असे. त्याखाली गुलामाचे केवळ वय, लिंग आणि वर्ण. नावाची जागा बहुधा रिकामीच. माणसाची मोजणी होई ती मालमत्ता म्हणून.

त्या भिंतीच्या अलीकडेही एखादी नोंद किती बोलकी असते, हे विख्यात निवेदिका ओप्रा विन्फ्री यांच्या घराण्यावरून कळते. त्यांचे खापरपणजोबा कॉन्स्टंटाईन विन्फ्री गुलामगिरीतून मुक्त झालेले शेतमजूर होते. १८७० च्या जनगणनेत त्यांच्या नावापुढे लिहिता-वाचता येत नाही अशी खूण आहे. १८८० च्या जनगणनेत ती खूण नाही. दिवसभर शेतात राबून त्यांनी मधल्या दहा वर्षांत अक्षरे गिरविली होती. आठ गाठी कापूस वेचून देण्याच्या बोलीवर त्यांनी ऐंशी एकर जमीन मिळविली, असेही कागदांतून उघड झाले. एका रकान्यातील खूण नाहीशी होणे, एवढ्याशा बदलात एका माणसाची सारी जिद्द सामावलेली आहे.

१८७० ची ही भिंत ओलांडण्यासाठी संशोधक ज्या साधनांकडे वळतात, त्यांत एका बँकेचे दप्तर अग्रभागी आहे. यादवी युद्ध संपत आले असता ३ मार्च १८६५ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट कंपनी’ स्थापन करण्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांनी आणि कृष्णवर्णीय सैनिकांनी आपली तुटपुंजी बचत सुरक्षित ठेवावी, हा या बँकेचा उद्देश. पाहता पाहता तिच्या ३७ शाखा झाल्या.

खाते उघडताना एक अडचण येई. बहुसंख्य ठेवीदारांना सही करता येत नसे. अनेकांची नावे सारखी, आडनावे नवीनच घेतलेली. पैसे काढावयास आलेला माणूस खरा खातेदारच आहे, हे ओळखावयाचे कसे? यावर बँकेने साधा उपाय काढला. खाते उघडणाऱ्याला प्रश्न विचारून त्याची उत्तरे वहीत लिहावयाची : जन्म कोठे झाला, लहानाचे मोठे कोठे झालात, वय, वर्ण, काम कोणते, पत्नी वा पतीचे नाव, मुलांची नावे, आई-वडील, भावंडे. कित्येक ठिकाणी पूर्वीच्या मालकाचे व मळ्याचे नावही. आज ज्याला आपण ‘ग्राहकाची ओळख’ म्हणतो आणि ज्याच्या कागदपत्रांना कंटाळतो, त्याचेच हे जुने रूप. गुलामांच्या बाजारात विकली गेल्याने ताटातूट झालेली भावंडे, कोठे आहेत ठाऊक नाही अशी आई, यांचीही नावे ठेवीदारांनी सांगितली आणि कारकुनांनी ती लिहून घेतली. ज्यांची नावे सरकारने लिहिली नव्हती, ती बँकेच्या वहीत प्रथमच उतरली.

बँक मात्र तग धरू शकली नाही. सट्टेबाजीची कर्जे, ढिसाळ व्यवस्थापन आणि १८७३ चे आर्थिक अरिष्ट यांनी ती पोखरली गेली. अखेरच्या महिन्यांत गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्षपदी बसविण्यात आले. पण वेळ निघून गेली होती. जून १८७४ च्या अखेरीस बँकेचे दरवाजे बंद झाले. सुमारे ६१ हजार ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. बँकेमागे सरकार उभे आहे, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तशी हमी नव्हती. अनेकांना एक पैही परत मिळाली नाही. ज्यांना मिळाली त्यांनाही पूर्ण मिळाली नाही. घामाचा पैसा असा बुडाल्याची जखम त्या समाजाच्या मनात दीर्घकाळ राहिली. ठेवीदाराचा विश्वास ही केवढी मोठी ठेव आहे, याचा हा दाहक धडा आहे.

रक्कम बुडाली, पण २९ शाखांच्या स्वाक्षरी-वह्या वाचल्या आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोचल्या. त्यांतील नावे शोधण्याजोगी करण्याचे काम पुढे चर्चच्या स्वयंसेवेच्या उपक्रमातून झाले आणि ते केले युटा राज्यातील तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांनी. अकरा वर्षे खपून त्यांनी सुमारे ४ लाख ८० हजार नावांची सूची केली. २००१ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. आपल्या पूर्वजांचे नाव शोधणाऱ्या लाखो कुटुंबांना या सूचीने वाट दाखविली. काउंटरवर बसून ज्या कारकुनांनी ती उत्तरे लिहिली, त्यांनी आपण इतिहास लिहीत आहोत असे मानले असण्याचा संभव नाही. त्यांनी रकाना रिकामा सोडला नाही, एवढेच.

नको असलेले पूर्वज

कुळाच्या शोधात मान मिळतो तशी मान खाली घालावयाची वेळही येते. अभिनेते बेन ॲफ्लेक यांच्या एका पूर्वजाकडे गुलाम होते, असे गेट्स यांच्या संशोधकांना आढळले. ही माहिती कार्यक्रमात घेऊ नये, अशी विनंती ॲफ्लेक यांनी केली आणि २०१४ मध्ये दाखविलेल्या भागातून ती गाळली गेली. २०१५ मध्ये एका चित्रपट कंपनीची चोरीस गेलेली ई-पत्रे उघड झाली, तेव्हा हा प्रकार चव्हाट्यावर आला. पीबीएस या वाहिनीने चौकशी केली, संपादकीय शिस्त मोडल्याचा निष्कर्ष काढला आणि मालिकेचे पुढील सत्र लांबणीवर टाकले. आपल्याला लाज वाटली होती, असे सांगून ॲफ्लेक यांनी त्या विनंतीबद्दल खेद व्यक्त केला. पूर्वजाचे कृत्य जेवढे झोंबले नसते तेवढे ते लपविणे झोंबले.

ब्रिटनमधील बल्लवाचार्य आणि निवेदक एन्स्ली हॅरियट यांच्यापुढे २००८ मध्ये असेच सत्य आले. ते कॅरिबियन वंशाचे. आपले सारे पूर्वज गुलाम असावेत, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात त्यांचे एक खापरपणजोबा गुलामांचे मालक असलेल्या गोऱ्या घराण्यातील निघाले. त्यांनी ते कॅमेऱ्यासमोरच ऐकले. गांजणारा आणि गांजलेला, दोघांचेही रक्त एकाच देहात असू शकते, हे लाखो प्रेक्षकांनी त्यांच्यासह समजून घेतले.

याबाबतही दप्तर बोलके आहे. १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करताना दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती मिळाली मालकांना. ज्यांचे आयुष्य हिरावले गेले त्या गुलामांना काहीही नाही. कोणाला किती रक्कम मिळाली याच्या नोंदी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अभ्यासकांनी २०१३ मध्ये सर्वांसाठी खुल्या केल्या. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची फेड २०१५ मध्ये पूर्ण झाली, असे ब्रिटिश अर्थखात्याने सांगितले आहे. आजच्या पिढीच्या करांतूनही त्या व्यवहाराची परतफेड होत होती. पूर्वजांचे देणे कधीकधी अगदी अक्षरशः वंशजांच्या खाती नावे पडते, ते असे.

आपल्या घरची वही

भारतात असा शोध घेणे सोपे नाही. जनगणनेतील वैयक्तिक माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहे आणि जन्म-मृत्यूची नोंद सर्वत्र सक्तीने होण्यास बराच काळ जावा लागला. तरीही आपल्याकडे वह्यांची परंपरा आहेच. नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार, गया येथील तीर्थपुरोहितांच्या नामावळींत यात्रेस आलेल्या कुटुंबांच्या पिढ्यांची नावे आढळतात. महाराष्ट्रात अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापले. परंतु नामावळीत नाव कोणाचे येणार? ज्याला तीर्थयात्रा परवडली त्याचे. बहुतेक वंशवृक्षांत पुरुषांच्याच फांद्या दिसतात. लेकी-सुनांची नावे अभावानेच. भूमिहीन आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजांच्या वाट्याला ही वही फारशी आलीच नाही.

गरिबाचे नाव कधीकधी सर्वांत नीट लिहिले गेले ते परमुलखात. मॉरिशसमध्ये उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी १८३४ पासून भारतीय मजूर करारावर नेण्यात आले. त्यांत कोकणातून गेलेले मराठी मजूरही होते. बंदरात उतरताच प्रत्येकाला क्रमांक मिळे. नाव, वडिलांचे नाव, वय, गाव, जिल्हा लिहिला जाई आणि पुढील काळात छायाचित्रही घेतले जाई. हे दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेले आहे. मजूर ज्या पायऱ्यांवरून चढून गेले तो ‘आप्रवासी घाट’ २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. मजुरावर पाळत ठेवण्यासाठी लिहिलेला क्रमांकच आज त्याच्या पणतवंडांना आपल्या गावापर्यंत नेतो.

नामवंतांच्या मागे संशोधकांचे पथक असते. आपल्यामागे ते नसणार. पण घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर एक साधी वही पुरेशी आहे. आजीचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव, मूळ गाव, घर सोडण्याचे कारण, कोणी कोठे नोकरी केली, हे विचारून तारखेसह लिहून ठेवावे. जुनी छायाचित्रे असतील तर त्यांमागे नावे लिहावीत. जुने खातेपुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला, सातबाराचा उतारा, टपालाचा शिक्का असलेले पाकीट यांना रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे. सांगितलेली गोष्ट आणि लिहिलेला कागद यांत फरक आढळल्यास दोन्ही नोंदवून ठेवावे. अप्रिय काही निघाले, तरी ते पुसू नये.

बँकेतील आपले कागदही याच वहीचा भाग आहेत. घरच्यांना ठाऊक नसलेली खाती आणि नामनिर्देशन न केलेल्या ठेवी, ही कुटुंबाची हरवलेली पानेच होत. दहा वर्षांहून अधिक काळ हक्क न सांगितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जातात. हक्कदारास त्या परत मागता येतात. अशा ठेवींचा शोध घेता यावा म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये एक संकेतस्थळ सुरू केले. नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्यास चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. अर्जात नाव व नाते लिहिताना लागणारा तो एक मिनिट पुढे कोणाच्या तरी कामी येणार आहे.

रिझर्व्ह बँकेच्या त्या संकेतस्थळाचे नाव ‘उद्गम’ असे आहे. नदीचे मूळ शोधू नये, असे जुन्यांनी म्हटले खरे. पण घरच्या ठेवीचे आणि घरच्या माणसांचे मूळ मात्र अवश्य शोधावे. आणि शाखेत उद्या एखाद्या वृद्ध आजीबाई अंगठा उठविण्यास आल्या, तर त्यांचे पूर्ण नाव विचारून, ते नीट ऐकून, शुद्ध लिहून घ्यावे. ते कधी, कोण आणि कशासाठी वाचील, हे आज सांगता येणार नाही.